मोठं मार्ट तालुक्याकडे येतंय, किराणा दुकान ठेवायचं की गुंडाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळ पिंपळगाव बसवंतला वडिलांनी टाकलेलं किराणा दुकान, 300 चौरस फुटाची जागा, महिन्याचा धंदा 6 लाखाच्या आसपास. हायवेलगत एका मोठ्या मार्टसाठी जागा घेतल्याची गावभर चर्चा आहे आणि घरात मुलगा म्हणतोय ते यायच्या आधीच किराणा बंद करू, मोबाईलचं नाहीतर मेडिकलचं काहीतरी टाकू. विचारलंय की एवढं घाबरायचं कारण आहे का, आणि थांबायचं ठरवलं तर नेमकं काय बदलायचं.

मी आधी कंपनीच्या एजन्सीवर ऑर्डरी घेत दुकानोदुकानी फिरायचो, मग बरीच वर्षं एका मार्टच्या चेनच्या, म्हणजे गावोगावी दुकानं असलेल्या कंपनीच्या, खरेदी खात्यात होतो, आता नाशकात रविवार कारंज्याजवळ घाऊकचं बघतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू माहिती आहेत. सरळच सांगतो भाऊ, दुकान बंद करू नका. पण आत्ता जसं चालवताय तसंच चालवत राहिलात तर ते दोन-तीन वर्षात आपोआप बंद होईल, आणि त्याला कारण मार्टचा स्वस्त भाव नसेल, तुमचा अडकलेला पैसा असेल. हे शेवटचं वाक्य नीट सोडवून सांगायला लागेल म्हणून उत्तर लांबलंय, शांतपणे वाचा.

आधी चर्चा खरी आहे का ते बघा. गावात पाटी लागायच्या आधी दोन-तीन वर्षं हालचाल चालू झालेली असते, आणि ती कागदावर दिसते. त्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढा, जमीन बिनशेती झाली का बघा, आणि नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर त्या गट नंबरवर इंडेक्स टू शोधा, म्हणजे खरेदीखत झालंय का भाडेकरार झालाय ते कळेल. हा फरक फार मोठा आहे. भाड्याने आलेली चेन धंदा नाही बसला तर शटर ओढून निघून जाते. जमीन विकत घेऊन बांधकाम करणारी चेन मात्र राहायलाच आलेली असते, पहिली दोन-तीन वर्षं कमी धंदा झाला तरी ती हलत नाही कारण तिला दर महिन्याचं भाडं नाही.

आपल्याकडे आलेल्या सगळ्याच चेन टिकल्यात असं नाही. सुभिक्षा आठवते का बघा, चेन्नईतून 1997 मध्ये सुरू झालेली, तमिळनाडूत चांगला जम बसला आणि मग एकदम देशभर सुटली, 2008 पर्यंत 1,600 च्या वर दुकानं काढली आणि 2009 च्या सुरवातीला सगळा खेळ संपला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही, रोकड संपली म्हणून. पुरवठादारांचे पैसे थकले, माल यायचा थांबला, रॅक रिकामे पडले आणि रिकाम्या रॅकच्या दुकानात दुसऱ्यांदा कोण जातं. बिग बाजारचंही मूळ दुखणं कर्जच होतं, गर्दी तर दर बुधवारी मावत नव्हती, तरी 2022 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आणि ह्याच्या बरोब्बर उलटा नमुना म्हणजे डीमार्ट. तुमच्याकडे डीमार्टच येतंय असं मी म्हणत नाहीये, पण सगळ्या चेन आता त्यांचंच बघून शिकतायत म्हणून त्यांची पद्धत समजून घ्या. पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला. मार्च 2017 मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा 131 दुकानं होती, म्हणजे 15 वर्षांत फक्त 131. मार्च 2025 अखेर 415. जागा शक्यतो स्वतःच्या, नाहीतर फार लांब मुदतीच्या. आणि नवीन भागात जायची पद्धत एकच, आधी महाराष्ट्र-गुजरात घट्ट केलं, मग तेलंगणा, कर्नाटक असं लागून लागून सरकत गेले, उत्तरेकडे तर इतकी वर्षं होऊन अजूनही हात राखूनच आहेत. का? कारण दुकान महत्त्वाचं नसतं, गोदाम महत्त्वाचं असतं. एका गोदामातून रोज गाडी भरून निघाली की तिला वाटेत सात-आठ दुकानं मिळाली पाहिजेत, तरच वाहतूक परवडते. एकट्या दुकानासाठी 200 किलोमीटर गाडी पाठवून साखर स्वस्त देता येत नाही, कुणालाच नाही.

म्हणून नकाशा असा वाचायचा. भिवंडीत गोदामं, तिथून नाशिक शहर, शहरात चार-पाच दुकानं बसली की मग सिन्नर, ओझर, पिंपळगाव, निफाड ही गावं त्याच गाडीच्या वाटेवर येतात. त्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे भिवंडीच्या बाजूने घाट चढून यायचं अंतर वेळेच्या हिशोबात आणखी कमी झालं. शिवाय मोठ्या शहरात घरपोच ऑनलाइनवाल्यांनी ह्यांनाच त्रास द्यायला सुरवात केलीय, ऑक्टोबर 2024 मध्ये डीमार्टने स्वतःच सांगितलं की महानगरातल्या जास्त धंदा असलेल्या दुकानांवर त्याचा परिणाम जाणवतोय. माझं मत असं की ह्यापुढे चेनवाल्यांना तालुक्याची गावं जास्त गोड लागणार. म्हणजे आज ती हायवेची जागा अफवा निघाली तरी पाच वर्षांत कुणी ना कुणी येणार हे धरूनच चाला.

आता स्वस्त कसं देतात. लोकांना वाटतं खूप माल उचलतात म्हणून कंपनी स्वस्त देते. ते आहेच, पण ते अर्धं झालं. डीमार्ट पुरवठादाराला साधारण आठवड्याभरात पैसे देतं, बाकीचे खरेदीदार तीन-तीन आठवडे, महिना-महिना लावतात. मी खरेदीला होतो तेव्हा टेबलावर हेच बघितलंय, विकणाऱ्याला आठ दिवसात पैसे मिळणार असले की तो आपणहून टक्का-दोन टक्के सोडतो, कारण त्यालाही पुढे पैसे फिरवायचेत. आणि आठ दिवसात पैसे देणं कधी परवडतं? माल लवकर खपला तर. त्यांचा सगळा माल महिन्याभराच्या आसपास एकदा फिरून होतो. 100 रुपयाच्या विक्रीवर त्यांना खर्च वजा जाता सगळं मिळून साडेचार-पाच रुपये उरतात, 2024-25 ला 59 हजार कोटींच्या वर विक्री आणि 2,700 कोटींच्या आसपास नफा. तेवढ्या मार्जिनवर तुमचं घर चालणार नाही आणि चालवायची गरजही नाही, पण पैसा फिरवायची ती सवय मात्र तुमच्याकडे आलीच पाहिजे.

एक गणित करून बघू. त्यांच्या दुकानात एका चौरस फुटामागे वर्षाला साधारण 35 हजारांची विक्री होते. तुमचं महिन्याला 6 लाख म्हणजे वर्षाला 72 लाख, भागिले 300 फूट, म्हणजे फुटाला 24 हजार. ना एसी, ना पार्किंग, ना सरकता जिना, तरी 24 हजार. मुलाला हा आकडा दाखवा. हे मरायला टेकलेलं दुकान नाहीये.

आता दुसरी बाजू. तुमच्या आकाराच्या दुकानात मी सहसा 8-9 लाखाचा माल भरलेला बघतो. 9 लाख धरा. विक्री 6 लाखाची म्हणजे खरेदी किमतीने साधारण 5 लाख 40 हजाराची. म्हणजे तुमचा माल फिरायला 50 दिवस लागतात, त्यांचा महिन्यात फिरतो. तुम्ही तो 30 दिवसांवर आणला तर 3 लाख 60 हजार रुपये मोकळे होतात, बँकेत न जाता, कुणाकडे हात न पसरता. तुमचा हा पैसा तुमच्याच दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलाय. माळ्यावर चढून बघा एकदा, फेअरनेस क्रीमचे डझन, कुठल्यातरी नव्या कंपनीचे नूडल्स जे सेल्समनने 'शेठ, 12 वर 2 फ्री' म्हणून टाकून दिले होते, मागच्या दिवाळीची उटणी, तारीख जवळ आलेले ज्यूस. स्कीम म्हणून घेतलेला जो माल 45 दिवसात हलला नाही ती स्कीम तुमच्यासाठी नव्हती, एजन्सीच्या महिनाअखेरच्या टार्गेटसाठी होती. मी स्वतः ती टार्गेटं पूर्ण केलीत तेव्हा हे मला सांगावंसं वाटतं. मार्ट यायच्या आधी तो सगळा माल खरेदी किमतीला, वेळ पडली तर तोट्यात काढून टाका आणि रोकड हातात घ्या. ह्या उत्तरातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

मार्ट आल्यावर काय जाईल ते आधी मान्य करून टाका. महिन्याच्या 1 तारखेपासून 10 तारखेपर्यंतची मोठी यादी जाणार. तेलाचे पाऊच, साखर, चहा, कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, टूथपेस्ट, काजू-बदाम, बिस्किटाचे फॅमिली पॅक. ज्या मालाचे भाव बायांना तोंडपाठ असतात, साखर, तूरडाळ, तेल, त्यात मार्ट कधीच महाग दिसणार नाही, कारण त्या तीन-चार भावांवरून अख्ख्या दुकानाचं नाव होतं, आणि एकदा साखरेसाठी आलेलं गिऱ्हाईक जाताना पायपुसणं आणि पाण्याची बाटली घेऊन जातं, खरी कमाई तिथे. समजा एका घराचा महिन्याचा किराणा 6 हजाराचा आहे तर त्यातला साडेतीन हजाराचा तिकडे जाईल. तो अडवायला तुम्ही साखर खरेदी किमतीला विकायला लागलात तर तो साडेतीन हजारही वाचणार नाही आणि उरलेल्या अडीच हजारातली कमाईपण जाईल. हे करणारी दुकानं नाशकात सिडकोत, इंदिरानगरला बघितलीत, दारात बोर्ड लावायची 'मार्टपेक्षा स्वस्त', आज त्या गाळ्यांमध्ये केकची दुकानं आहेत.

गावात पहिला फटका कुणाला बसेल हेही सांगतो कारण तुमचे मित्र त्यात असतील. किराणेवाल्याला नाही. भांडेवाला, प्लास्टिकवाला, टॉवेल-चादर आणि लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, ह्यांना. डीमार्टच्या विक्रीत पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त हा असलाच माल असतो आणि मार्जिन त्यातच सगळ्यात जास्त. दुसरा फटका त्या मधल्या सुपर शॉपीवाल्यांना, ज्यांनी कर्ज काढून रॅक, ट्रॉल्या, काचेचे दरवाजे केलेत. त्यांच्याकडे मार्टसारखा खर्च आहे पण मार्टसारखा भाव नाही, आणि किराण्यासारखी ओळख पण राहिलेली नाही. म्हणून मुलगा जर म्हणाला की दुकान बंद नको तर मोठं करू, सेल्फ सर्व्हिस करू, तर त्यालाही आत्ता नाहीच म्हणा.

मग उरलं काय? पिंपळगावात तर पुष्कळ उरतं. तुमच्याकडे पैसा महिन्याच्या 1 तारखेला येतच नाही. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यावाल्यांचा पगार होतो तिथे 1 तारखेचं गणित चालतं. तुमच्याकडे टोमॅटोचा लिलाव चालू असला की पैसा, द्राक्षाचा खुडा झाला आणि व्यापाऱ्याने हिशोब केला की पैसा, मधले चार-पाच महिने औषधं, मजुरी, खतं ह्यातच सगळं जातं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फेब्रुवारीपर्यंत ज्या घरात रोकड नसते ते घर मार्टच्या रांगेत उभं राहून काय करणार, तिथे उधारीची वही नाही. तुमच्याकडे वही आहे. आणि बागांवर पेठ-सुरगाण्याकडची जी जोडपी कामाला येतात त्यांचा बाजार बघा, पाव किलो तेल, मीठपुडा, अर्धा किलो डाळ, लाल तिखट 20 रुपयाचं, बोंबील, तंबाखू, एक काडेपेटी, हे सगळं मजुरी हातात पडली की त्याच संध्याकाळी. एवढं थोडं थोडं मोजून जिथे देत नाहीत तिथे ह्या माणसाला फारसं काही मिळणार नाही. शेतमालकाने 'माझ्या नावावर दे' म्हणून पाठवलेले मजूर हे तर तुमचं हक्काचं गिऱ्हाईक, ते कुठलंच मार्ट नेऊ शकत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कमाईचं, मसाल्याचं सामान. होळी झाली की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, आपल्याकडे घराघरात वर्षाचा काळा मसाला होतो. बाई दुकानात येते, मिरची हातात घेते, डेख मोडून बघते, देठाजवळ काळी पडलीय का बघते, वास घेते आणि मग विचारते की ब्याडगी किती आणि लवंगी किती घालू, मागच्या वर्षी रंग आला पण झणका नव्हता. ह्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मार्टमध्ये कामाला नसतो. तिथे मिरचीचं पाकीट असतं. तुम्ही किंवा घरातल्या वहिनी जर सांगू शकलात की 5 किलो मिरचीला धने किती, खोबरं किती, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, हळकुंड किती, आणि ते सगळं एकाच पिशवीत वजन करून बांधून दिलंत, तर ती बाई पुढच्या वर्षी पण येते आणि जावेला घेऊन येते. ह्या सामानात मार्जिन पाकिटातल्या मालाच्या दुप्पट-तिप्पट सुटतं. पण त्याला लागते रोकड, मिरची नवीन आली की बाजारात उभं राहून रोखीने पोती घ्यायला लागतात. म्हणून माळ्यावरचा तो पैसा मोकळा करा असं वर म्हटलं. तसंच उडीद पापडाचं पीठ आणि पापडखार, नागली, कुरडयांचा गहू, घोटीकडचा इंद्रायणी तांदूळ, बाजरी, पोळ्याला-पितृपक्षाला लागणारं सामान. ह्यातलं काय ठेवायचं ते तुमच्या गल्लीवर अवलंबून, सगळं एकदम भरू नका.

सुट्ट्या मालात अजून एक फायदा आहे जो बरेच दुकानदार वापरतच नाहीत. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्टं मोजून दिलं तर लागत नाही. मार्टचा बहुतेक माल पॅकबंद असतो. तुम्ही पोतं उघडून मोजून देताय. फक्त सुट्टं म्हणजे घाण असं गिऱ्हाईकाला वाटता कामा नये, झाकणाचे पारदर्शक डबे घ्या, डाळ निवडून ठेवा, काट्याचा डिस्प्ले गिऱ्हाईकाकडे फिरवा आणि काटा वेळेवर स्टॅम्प करून घ्या. पाच-दहा हजाराचा खर्च आहे, पण दुकानात पाय ठेवणाऱ्याच्या नजरेला फरक लगेच पडतो.

उधारीबद्दल कडक बोलायला लागेल. वही हे तुमचं बळ आहे, पण हिशोबाशिवाय दिलेली उधारी तुम्हाला मार्टच्या आधी बुडवेल. 3 हजाराची उधारी 4 महिने राहिली आणि तुमचं बँकेचं व्याज 12 टक्के धरलं तर तुमचे 120 रुपये गेले, म्हणजे 4 टक्के. पाकिटातल्या मालावर सुटतात 8-10 टक्के, त्यातले 4 असे गेले तर हमाली, लाईट, भाडं कशातून काढणार? त्यामुळे उधारीच्या गिऱ्हाईकाला एमआरपीवर सूट नाही, रोखीवाल्याला थोडी सूट, हे उघड सांगा, कुणी रागावत नाही, सगळ्यांना कळतं. प्रत्येक घराला मर्यादा ठरवा आणि ती बागेच्या एकरावरून नाही तर मागच्या दोन हंगामात पैसे कधी दिले त्यावरून ठरवा. गारपीट झाली, भाव पडला, तर ज्याची बाग गेलीय त्याला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळायलाच लागतं, ते आपण करतोच आणि केलंच पाहिजे, पण त्यासाठी बाकीच्यांचे वेळेवर यायला हवेत. खुड्याच्या वेळी आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतः वही घेऊन बसा, मुलाला फोनवर हिशोब पाठवायला सांगा, दुकानात चारचौघात मागण्यापेक्षा ते बरं पडतं आणि वसुलीपण होते.

खरेदीचं. एजन्सीवाल्याचा भाव आणि मोठ्या खरेदीदाराचा भाव ह्यातल्या फरकावरून महाराष्ट्रात आधीच वाद झालेला आहे. डिसेंबर 2021 मध्ये वितरकांच्या संघटनेने कंपन्यांना कळवलं की मोठ्यांना देता तोच भाव आम्हाला द्या, आणि जानेवारी 2022 पासून कोलगेटचा काही माल राज्यात द्यायचं थांबवलं होतं. तो प्रश्न काही कायमचा सुटलेला नाही, आणि तुम्ही-मी तो दुकानात बसून सोडवू शकत नाही. तुमच्या हातात एवढंच की तुमच्यासारखे चार-पाच दुकानदार मिळून तेल, साखर, डाळ एका गाडीत आणा, मार्केट यार्डातून किंवा थेट मिलकडून, रोखीने, म्हणजे पोत्यामागे फरक पडतो. मार्टमध्येच एखाद्या तेलाचा भाव तुमच्या खरेदीपेक्षा कमी दिसला तर दुकानदार तिथून उचलतात, तुम्हीपण उचला, त्यात कमीपणा काही नाही. पण ते थोडंच मिळतं, आणि त्या बिलावर तुम्हाला जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेला कर तुमच्या करातून वजा करायची सोय, मिळणार नाही हे लक्षात ठेवा. तुमची विक्री 72 लाख म्हणजे कंपोझिशनच्या, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठी विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायच्या जीएसटी योजनेच्या, दीड कोटीच्या मर्यादेत बसता, कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या कारण सुट्ट्या धान्याचा वाटा वाढला की हिशोब बदलतो.

घरपोच द्यायचं का, तर हो, पण फुकट आणि दिवसभर नाही. वॉट्सॲपवर यादी घ्या, संध्याकाळी 5 नंतर एक फेरी, गावात आणि वस्तीवर. मळ्यात राहणाऱ्या घरांना एवढंच पाहिजे असतं की गाडी काढायला लागू नये. पोराला स्कूटर दिली आणि तो प्रत्येक बिस्किटपुड्यासाठी पळत राहिला तर पेट्रोलात सगळं जाईल.

मुलाबद्दल थोडं. मेडिकल टाकायचं तर परवान्यासाठी फार्मासिस्ट लागतो, मोबाईलच्या धंद्यात तर ऑनलाइनने किराण्यापेक्षा आधीच जास्त नुकसान केलंय, तेव्हा पळून जायला ती जागा नाही. त्याला एक काम द्या, महिन्यातून दोनदा नाशकात मार्टमध्ये जाऊन 40 वस्तूंचे भाव उतरवून आणायचे, तुमच्या खरेदी भावाशेजारी लिहायचे. तीन महिन्यांत त्याला स्वतःलाच कळेल कुठे आपण हरतो आणि कुठे मार्टच आपल्यापेक्षा महाग आहे. अशा वस्तू निघतात, खोबरं, खडा मसाला, काही डाळी ह्यात तर नेहमी निघतात. त्या वस्तू दुकानात समोर आणा, बाकीच्या मागे सारा. दुकान पुढे चालवायचं का नाही हे त्याने तो कागद हातात घेऊन ठरवू दे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, गाळा स्वतःचा आहे का भाड्याचा. भाड्याचा असेल तर वरचं सगळं करायच्या आधी करार काढून बघा कधी संपतोय. मार्टचं बांधकाम दिसायला लागलं की त्या रस्त्याला बँका, कपड्याचे ब्रँड, खाण्याची दुकानं जागा शोधत येतात आणि भाडी चढतात, गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला मी हे होताना बघितलंय, मार्टच्या शेजारची किराणा दुकानं पुष्कळदा भावामुळे नाही, भाड्यामुळे गेली. आत्ता मालकाशी बसा, दरवर्षी ठरलेली वाढ कबूल करा, पाच वर्षांचा करार रजिस्टर करून घ्या. मालक म्हणाला मार्ट आल्यावर बघू, तर दुसऱ्या गल्लीत, आतल्या बाजूला, जिथे पायी येणारी वस्ती जास्त आहे तिथे जागा शोधायला आजपासून लागा, वर्षभर आधी हललात तर गिऱ्हाईक तुमच्याबरोबर येतं.